हात ऐकत नाही

एखादी गोष्ट आपल्या इच्छेप्रमाणे तत्काळ घडून आली म्हणजे ती कशी घडली, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पेला उचलावा असे मनात येते, हात पुढे होतो, बोटे वळतात आणि पेला ओठांशी येतो. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये काही अंतर आहे, त्या अंतरात काही यंत्रणा आहे, आणि ती यंत्रणा आपल्या जन्मापूर्वीच कोणीतरी उभारून ठेवली आहे, हे ध्यानात येण्यासाठी ती बहुधा बिघडावी लागते. माझ्या बाबतीत तसेच झाले. बिघाड दुसऱ्याच्या देहात होता. चूक मात्र माझ्या पदरी आली.

सुमारे चौदा वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी नोकरीवर होतो. माझ्या हाताखाली एक कारकून होते. वयाने माझ्याहून मोठे, स्वभावाने अबोल, आणि अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. सकाळी अकरा वाजता त्यांनी लिहिलेली टिपणी वाचावी तर डोळे निवत. दुपारी चार वाजता त्यांच्याच हातची दुसरी टिपणी समोर आली म्हणजे अक्षरांचे पाय मोडलेले असत. जेवणाच्या सुट्टीनंतर त्यांच्या पापण्या खाली येत, बोलणे नाकातून येई, आणि कधी कधी लेखणी टेबलावर ठेवून ते नुसते बसून राहत. सकाळी ठीक आणि दुपारी बेठीक असणाऱ्या माणसाविषयी कचेरीत जे तर्क चालतात ते सर्व चालले. मी एकदा त्यांना बोलावून विचारले. ते म्हणाले, "साहेब, दुपारनंतर हात ऐकत नाही." ते उत्तर मला उद्धटपणाचे वाटले नाही, पण पटलेही नाही. वर्षअखेर त्यांच्या गोपनीय अहवालात मी "कामात शिथिलता" असे दोन शब्द लिहिले.

पुढच्या वर्षी मोठ्या शहरातील एका डॉक्टरांनी त्यांच्या दुखण्याला नाव दिले: मायस्थेनिया ग्रेव्हिस. शब्दशः अर्थ, स्नायूंचे गंभीर दौर्बल्य. या दुखण्यात स्नायू वापरला की थकतो आणि विसावा दिला की पुन्हा सावरतो; म्हणून रोगी सकाळी बरा दिसतो आणि संध्याकाळी खचतो. आळशी माणसाचेही वर्णन आपण जवळजवळ याच शब्दांत करतो, आणि तेथेच माझी फसगत झाली. माझा शेरा चुकीचा होता हे मी लेखी कळवले आणि तो काढून टाकण्यात आला. पण कागदावरून निघालेला शेरा लिहिणाऱ्याच्या मनातून निघतोच असे नाही. मी शास्त्राचा विद्यार्थी नव्हे, माझी एम. ए. ची पदवी इतिहासाची. तरीही हात ऐकतो म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेतल्यावाचून मला राहवेना. गेल्या काही वर्षांत त्या निमित्ताने जे वाचले, त्याचा वृत्तांत आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या स्थळाचा नकाशा पाहू. हाताला किंवा पायाला हलवणाऱ्या चेतापेशी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत बसलेल्या असतात. तेथून प्रत्येकीचा एक लांब तंतू निघतो आणि थेट स्नायूपर्यंत जातो. पावलाच्या स्नायूकडे जाणारा तंतू तर सुमारे एक मीटर लांब असतो. हा तंतू स्नायूत शिरून एकजीव होत नाही. स्नायूच्या एकेका धाग्याजवळ येऊन तो थांबतो, आणि दोघांमध्ये एक फट उरते. मिलीमीटरचे वीस हजार भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी. संदेश या तीरावरून त्या तीरावर जातो तो ही फट ओलांडून. या ठिकाणाला आपण चेता-स्नायू संधिस्थान म्हणू. सगळी कथा या फटीच्या दोन काठांवर घडते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत ते क्युरारे नावाचे विष बेडकावर वापरून पाहिले. विष भिनलेल्या बेडकाची चेता उत्तेजित केली तर स्नायू हलेना. मात्र स्नायूलाच सरळ उत्तेजित केले तर तो पूर्ववत आकुंचन पावे. स्नायूचे बळ शाबूत होते. तुटले होते ते चेता आणि स्नायू यांच्यामधले दळणवळण. १९०५ मध्ये केंब्रिज येथील जॉन लँगली यांनी अशी कल्पना मांडली की, स्नायूच्या ठायी एक 'ग्रहण करणारा पदार्थ' असला पाहिजे आणि विष त्याच्यावर काम करत असले पाहिजे. पुढे १९३६ मध्ये लंडन येथे हेन्री डेल, विल्हेल्म फेल्डबर्ग आणि मार्था फोग्ट यांनी दाखवून दिले की, स्नायूकडे जाणाऱ्या चेतेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे एक साधे रसायन पाझरते आणि तेच फट ओलांडून निरोप पोचवते. फेल्डबर्ग आणि फोग्ट दोघेही हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून आलेले होते. तसेच बर्नार्ड कात्झ हेही १९३५ मध्ये लायप्झिग सोडून इंग्लंडला आले, आणि हे रसायन थेंबाथेंबाने नव्हे तर ठराविक मापाच्या पुड्यांनी सोडले जाते, एकेका पुडीत त्याचे हजारो रेणू असतात, हे त्यांनी महायुद्धानंतर सिद्ध केले. त्याबद्दल १९७० च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नोंदवल्यावाचून पुढे जाववत नाही की, एका राजवटीने घराबाहेर काढलेल्या माणसांनी सर्व मनुष्यजातीच्या हालचालीचे रहस्य उलगडण्यास हातभार लावला.

याच सुमारास ग्रीनिच येथील एका सार्वजनिक रुग्णालयात मेरी वॉकर नावाच्या एक डॉक्टर काम करीत होत्या. त्या प्राध्यापक नव्हत्या, संशोधनसंस्थेतही नव्हत्या. मायस्थेनियाच्या रोग्याची अवस्था क्युरारेची बाधा झालेल्या प्राण्यासारखी दिसते, हे त्यांच्या मनाने घेतले. मग क्युरारेवर जो उतारा चालतो तो येथे का चालू नये? १९३४ मध्ये त्यांनी फायसोस्टिग्मिन हे औषध आपल्या रोगी स्त्रीला टोचले. हे औषध अ‍ॅसिटिलकोलीनचा नाश करणाऱ्या एंझाइमला रोखून धरते, म्हणजे निरोप फटीत थोडा अधिक वेळ टिकतो. थोड्याच वेळात त्या बाईंची मिटलेली पापणी वर उचलली गेली. रोग कोठे आहे याचा पत्ता त्या उचललेल्या पापणीने सांगितला. तो मेंदूत नव्हता, मनात नव्हता, स्नायूच्या मांसातही नव्हता. तो त्या फटीच्या काठावर होता.

आता त्या काठावरचा ग्राही पदार्थ प्रत्यक्ष हाती लागायला हवा होता. तो लागला सापाच्या विषामुळे. मण्यार आपल्याकडे खेडोपाडी माहीत आहे. रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला ती डसते, वेदना फारशी होत नाही, आणि पुढे त्याच्या पापण्या उघडेनाशा होतात, श्वास अडखळतो. मण्यारीच्या कुळातील विषे याच संधिस्थानावर घाव घालतात. तैवानमध्ये आढळणाऱ्या मण्यारीच्या विषातून १९६३ मध्ये तेथील चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी एक घटक वेगळा काढला, आल्फा-बंगारोटॉक्सिन. तो स्नायूवरील ग्राहींना असा चिकटतो की सहसा सुटत नाही. मग त्यालाच खूण लावून सोडले की ग्राही कोठे आणि किती आहेत ते मोजता येऊ लागले. पाच घटकांचे मिळून बनलेले हे ग्राही म्हणजे एक प्रथिन आहे. अ‍ॅसिटिलकोलीन येऊन टेकले की त्याच्या मधोमध असलेली वाट उघडते, सोडियमचे आयन आत धावतात आणि स्नायू जागा होतो.

मोजणीतून निघालेले आकडे विलक्षण होते. संधिस्थानाची जागा स्नायूधाग्याच्या एकूण पृष्ठभागाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. पण तेथे प्रत्येक चौरस मायक्रोमीटरमध्ये सुमारे १०,००० ग्राही दाटीवाटीने उभे. थोडे बाजूला सरकले की तेवढ्याच जागेत फार तर दहा. एवढ्या मोठ्या माळरानात ही एकच पेठ गजबजलेली का? ती नेमकी चेतेच्या टोकासमोरच कशी वसली? आणि वसवली कोणी?

मला वाटते, कोणाही सरकारी माणसाने या प्रश्नाचे उत्तर चटकन दिले असते: चेतेने वसवली. वरून हुकूम आला, खाली अंमल झाला. शास्त्रज्ञांचा पहिला कौलही साधारणतः तसाच होता. पण पुरावा जसजसा येत गेला तसतसे हे सोपे उत्तर मागे पडत गेले.

पहिला धक्का बेडकाच्या छातीवरील एका पातळ स्नायूने दिला. प्रत्येक स्नायूधाग्याभोवती प्रथिनांचे एक अस्तर असते. ते पेशीचा भाग नव्हे, पेशीबाहेरचे वेष्टन होय. त्याला आपण आधारपटल म्हणू. संधिस्थानाच्या फटीतही हेच पटल पसरलेले असते. १९७७ मध्ये मार्शल, सेन्स आणि मॅकमाहन यांनी बेडकाच्या या स्नायूला अशी इजा केली की धागे नष्ट व्हावेत, पण त्यांची रिकामी वेष्टने मात्र मागे राहावीत. स्नायू पुन्हा वाढू नये अशीही तजवीज केली. तुटलेली चेता वाढत परत आली आणि, आश्चर्य असे की, स्नायू नसतानाही ती त्या रिकाम्या वेष्टनावर बरोबर जुन्याच जागी येऊन थांबली. १९७९ मध्ये बर्डेन, सार्जंट आणि मॅकमाहन यांनी उलट प्रयोग केला: वेष्टनात स्नायू नव्याने वाढू दिला, चेतेला मात्र येऊ दिले नाही. तरीही ग्राही जुन्याच जागी जमले! एकदा चेता नसताना आणि एकदा स्नायू नसताना जर जागेची ओळख शाबूत राहते, तर ती ओळख दोघांपैकी कोणाच्याच पोटात नाही; ती मधल्या पटलात आहे. घर पडले, माणसे गेली, तरी जोत्यावरून चुलीची जागा कळावी, तसा हा प्रकार होता.

मग त्या पटलात लिहून ठेवलेले अक्षर कोणते? ते शोधण्यासाठी शास्त्रज्ञ समुद्राकडे वळले. टॉर्पेडो नावाचा, पाकटासारखा चपटा मासा आपल्या अंगातून विजेचा झटका देतो. त्याचा हा विद्युत् अवयव मुळात स्नायूपासूनच बनलेला असून त्यात असली संधिस्थाने खच्चून भरलेली असतात. त्या अवयवाच्या अर्कातून मॅकमाहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात एक प्रथिन वेगळे काढले. काचपात्रात वाढवलेल्या स्नायूपेशींवर ते टाकले की विखुरलेले ग्राही पुंजक्यापुंजक्यांनी एकत्र येत. 'एकत्र जमवणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले अ‍ॅग्रिन. १९९० मध्ये मॅकमाहन यांनी सिद्धान्त मांडला की, अ‍ॅग्रिन मज्जारज्जूतील चेतापेशीत तयार होते, तंतूतून वाहत टोकापर्यंत जाते, फटीतील पटलात रुतून बसते आणि पलीकडच्या स्नायूला ग्राही जमवायला लावते.

येथे एक बारकावा सांगण्यासारखा आहे. स्नायूही अ‍ॅग्रिन तयार करतो. जनुक तेच, आणि प्रथिनही जवळजवळ तेच, सुमारे २,००० अमिनो आम्लांची लांब साखळी. चेतेच्या अ‍ॅग्रिनमध्ये मात्र एका ठिकाणी ८, ११ किंवा १९ अमिनो आम्लांचा छोटा तुकडा अधिक असतो. तेवढ्याने त्याचे सामर्थ्य सुमारे हजारपटीने वाढते. शेकडो पानांच्या फाइलीत एका सहीने जो फरक पडतो, तो पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

तथापि, निरोप आणणारा सापडला म्हणजे ऐकणारा सापडला असे नव्हे. स्नायूच्या पृष्ठभागावर मस्क नावाचे एक प्रथिन आढळले होते. ते पेशीच्या पटलातून आरपार गेलेले असते. बाहेरून इशारा मिळाला की त्याचे आतले अंग जागे होते आणि स्वतःवर व शेजाऱ्यांवर फॉस्फेटची खूण लावू लागते. पेशीच्या कारभारात ही खूण म्हणजे 'कार्यवाही करावी' असा शेरा समजावा. १९९६ मध्ये दोन प्रकारचे उंदीर तयार करण्यात आले. एकात अ‍ॅग्रिनचे जनुक मोडलेले, दुसऱ्यात मस्कचे. दोन्हींची पिल्ले जन्मतःच मेली, कारण श्वास घेणारा स्नायूसुद्धा चेतेचे ऐकू शकला नाही. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९५ मध्ये, रॅप्सिन नावाच्या तिसऱ्या प्रथिनाविषयीही असेच दिसून आले होते. रॅप्सिन आतल्या बाजूने ग्राहींना धरून ठेवते. ते नसेल तर ग्राही बनतात, पण एकत्र राहत नाहीत.

अ‍ॅग्रिन बोलते आणि मस्क जागे होते, एवढे निश्चित झाले. पण अ‍ॅग्रिन मस्कला प्रत्यक्ष शिवतच नाही, हेही तितकेच निश्चित झाले. मध्ये कोणीतरी तिसरा असला पाहिजे. त्याचा शोध बारा वर्षे चालला. २००८ मध्ये दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले: एल्-आर्-पी-चार. रक्तातील कोलेस्टेरॉल वाहणारे कण पेशीत घेणारी जी प्रथिने आहेत त्यांच्याच कुळातील हे प्रथिन. अ‍ॅग्रिन त्याला धरते आणि ते मस्कला जागे करते. त्याआधी, २००६ मध्ये, जपानमधील यूजी यामानाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक-सात हे प्रथिन शोधून काढले होते. ते मस्कच्या आतल्या अंगाला जोडले जाऊन त्याला जागे ठेवते, आणि त्याच्यावाचून संधिस्थान तयार होत नाही. अशी ही साखळी झाली: चेतेकडून अ‍ॅग्रिन, दारात एल्-आर्-पी-चार, उंबरठ्यावर मस्क, आत डॉक-सात, आणि शेवटी ग्राहींचा हात धरून बसवणारे रॅप्सिन. यांतील एक दुवा निखळला तर पुढचे सर्व व्यर्थ.

येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की, अखेर हुकूमच खरा ठरला. चेता सांगते आणि स्नायू करतो. पण २००१ मध्ये ही समजूतही अपुरी ठरली. उंदराच्या गर्भात चेता पोचण्यापूर्वीच, किंबहुना ज्यांच्या श्वासपटलाच्या स्नायूत चेता कधी पोचतच नाही अशा गर्भातही, स्नायूच्या मधल्या पट्ट्यात ग्राहींचे पुंजके जमलेले आढळले. त्यासाठी मस्क लागत होते. अ‍ॅग्रिन लागत नव्हते. म्हणजे पाहुणा यायच्या आधीच स्नायूने पाट मांडून ठेवलेले असतात! मग अ‍ॅग्रिनचे काम ते काय? त्याचे उत्तर २००५ च्या सुमारास मिळाले, आणि मला स्वतःला या सर्व कथेत तेच सर्वांत सुंदर वाटते. चेता दोन गोष्टी घेऊन येते. एक अ‍ॅसिटिलकोलीन, दुसरे अ‍ॅग्रिन. अ‍ॅसिटिलकोलीन हे केवळ निरोप पोचवत नाही; ते आधीच जमलेल्या पुंजक्यांना विखरूनही टाकते. अ‍ॅग्रिन मात्र आपल्या समोरच्या पुंजक्याला अभय देते. ज्या उंदरांत अ‍ॅग्रिन नव्हते त्यांचे पुंजके विखुरले. ज्यांत अ‍ॅग्रिन आणि अ‍ॅसिटिलकोलीन दोन्ही नव्हते त्यांचे पुष्कळसे टिकले. म्हणजे चेता एका हाताने पुसते आणि दुसऱ्या हाताने राखते. आणि जेथे तिचे टोक प्रत्यक्ष टेकले आहे तेवढीच जागा शिल्लक राहते.

संवाद एवढ्यावर थांबत नाही. २०१२ मध्ये दिसून आले की स्नायूवरील तेच एल्-आर्-पी-चार चेतेलाही उलट निरोप देते: येथे थांब, येथे आपले टोक उभार. म्हणजे जो दारात उभा राहून आलेल्याचे ऐकतो, तोच त्याला 'बसा' असेही म्हणतो. शिवाय प्रारंभी एकेका स्नायूधाग्यावर अनेक चेतातंतू हक्क सांगतात. उंदराच्या पिल्लात जन्मानंतर दोनेक आठवड्यांत बाकीचे मागे सरून एकच उरतो. एका टेबलावर अनेक वरिष्ठांचे हुकूम येत राहिले तर काय होते हे आम्हा नोकरदारांना कोणी शिकवायला नको. निसर्गाने ती अडचण बाल्यावस्थेतच मिटवून टाकली आहे.

तेव्हा हात ऐकतो तो केवळ आज्ञा झाली म्हणून नव्हे. ऐकण्याची जागा त्याने स्वतः आधी मांडलेली असते, आलेल्याने ती पक्की केलेली असते, आणि दोघांमधल्या पटलात त्या जागेची नोंद राहिलेली असते. शिवाय ही मांडणी एकदा करून भागत नाही. ग्राही जुने होतात, निघून जातात, त्यांच्या जागी नवे यावे लागतात. अ‍ॅग्रिनपासून रॅप्सिनपर्यंतची साखळी जन्मभर जागी राहते म्हणून आपली मूठ जन्मभर वळते.

आता माझ्या कारकुनांच्या दुखण्याकडे परत येतो. १९७३ मध्ये जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी विजेचा झटका देणाऱ्या एका माशाचे ग्राही प्रथिन काढून सशांना टोचले. त्या प्रथिनाविरुद्ध सशांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार व्हावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. प्रतिपिंडे तयार झाली. पण ससे लुळे पडू लागले आणि मायस्थेनियाचे औषध देताच सावरले. परक्या प्रथिनाविरुद्ध उठलेली फौज घरच्या ग्राहींवर चालून गेली होती. माणसाच्या मायस्थेनियातही हेच घडते. देहव्यापी रोग असलेल्या शंभरांतील सुमारे ऐंशी जणांच्या रक्तात ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे आढळतात. उरलेल्यांना पूर्वी काय झाले आहे ते कळत नसे. २००१ मध्ये त्यांतील काहींच्या रक्तात मस्कविरुद्ध प्रतिपिंडे सापडली, आणि २०११ मध्ये आणखी काहींच्या रक्तात एल्-आर्-पी-चारविरुद्ध. उंदरांच्या गर्भात शोधलेली नावे रोग्यांच्या तपासणीच्या कागदावर उतरली.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. डॉक-सात या प्रथिनाचे जनुक सदोष असलेली मुले जगात आहेत. ज्या २००६ साली ते प्रथिन सापडले, त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथील डेव्हिड बीसन यांच्या गटाने दाखवले की, खांदे आणि कंबर यांचे बळ बालपणापासून कमी असलेल्या कित्येक रोग्यांत हाच दोष असतो. मायस्थेनियावर नेहमी दिले जाणारे औषध, अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरणारे, अशा रोग्यांना उपकारक तर होत नाहीच, उलट त्याने त्यांचे दौर्बल्य वाढू शकते. त्यांना उपयोगी पडते ते दम्यावर चालणारे साल्ब्युटामॉल. पापणी तीच मिटते, हात तोच गळतो. पण साखळीतील कोणता दुवा तुटला आहे ते ठाऊक नसेल तर एकाचे औषध दुसऱ्याला अपाय करते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन माणसांची आतली अडचण एकच असेल असे गृहीत धरू नये, हा धडा येथे प्रथिनांनीच दिला आहे.

माझ्या कारकुनांचे दुखणे पहिल्या, म्हणजे सर्वसाधारण प्रकारातले होते. औषधाने त्यांना पुष्कळ आराम पडला. त्यांचे अवघड लिखाण सकाळच्या वेळी ठेवले, दुपारी विसावा मिळेल अशी सोय केली, आणि ते पुढे आपल्या वेळेवर सन्मानाने निवृत्त झाले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला एक छोटे पत्र दिले. सकाळी लिहिलेले असावे; अक्षर मोत्यासारखे होते. त्यात माझ्या त्या शेऱ्याचा उल्लेख नव्हता. असता तर मला हलके वाटले असते.

"हात ऐकत नाही" हे त्यांचे वाक्य मी त्या वेळी सबब म्हणून ऐकले होते. आज त्याचा विचार करतो तेव्हा वाटते की, त्या वाक्यात रोगाचे निदान जितके बिनचूक होते तितके कोणत्याही पुस्तकात मी वाचले नाही. आज्ञा सुटत होती. चेतेच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन पाझरत होते. स्नायूत बळही होते. कमी पडत होते ते पलीकडच्या काठावरचे ऐकणारे. सकाळी विसाव्यानंतर थोडक्या ग्राहींवर भागत होते, दुपारी भागत नव्हते. इच्छेचा येथे संबंधच नव्हता, आणि मी शेरा लिहिला तो नेमका इच्छेवर.

तेव्हापासून माझी एक सवय बदलली आहे. कोणाच्याही कामाबद्दल प्रतिकूल दोन शब्द लिहिण्यापूर्वी मी त्या माणसाला एकदा सकाळी आणि एकदा दुपारी भेटतो, आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत टिपून घेतो.